डावीकडे दोन बोटं

आमचा बबन सरळ जायचा नाही.
तळघरातल्या वर्कशॉपमध्ये, शहाबादी फरशीवर
खडूनं मारलेल्या रेघेवरून निघायचा शहाण्यासारखा
आणि चौथ्या मीटरला
डावीकडे दोन बोटं.
दर वेळी दोनच. कधी तीन असती
तर म्हटलं असतं, लहर आहे.

सुमेध म्हणाला, चाक.
चाकं काढली, उलटसुलट लावली,
शाफ्ट घेऊन भोसरीला गेलो दुपारच्या बसनं.
वाघचौऱ्यांनी लेथ बंद केली,
शाफ्ट उजेडात धरला, एक डोळा मिटला.
"ह्यात काही वाकडं नाही," म्हणाले,
"असतं तर पैसे घेतले असते."

फरहीन म्हणाली, वजन.
नियमात पंचवीस किलो, आम्ही तीनशे चाळीस ग्रॅम वर,
तेही बहुतेक डाव्या अंगाला.
मग ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना भोकं,
एकशे बारा भोकं,
बुंदीच्या झाऱ्यासारखा दिसायला लागला बबन
आणि फरहीनच्या ओढणीतून
आठवडाभर धातूचा कीस पडत राहिला,
वर्गात, बसमध्ये, तिच्या घरी जेवणाच्या ताटाशेजारी.

तरी दोन बोटं.

मी म्हणाले, कोड.
माझा हात तेवढ्यावरच चालतो.
उजव्या मोटरला शंभरऐवजी सत्त्याण्णव दिले,
शेजारी टीप लिहिली:
का ते माहीत नाही, पण चालतं.
आणि बबन रेघेवरून गेला
शेवटपर्यंत.
पहाटे नळस्टॉपला पोहे खाल्ले आम्ही,
सुमेधनं दोन प्लेट,
कुणी कुणाशी फार बोललं नाही
इतकं बरं वाटत होतं.

स्पर्धेला नऊ दिवस होते.
मालनताई फरशी पुसायला आल्या,
"ते तुमचं गाडं उचला जरा."
उचलताना सुमेधची कोपर बादलीला लागली.
पाणी सांडलं
आणि निघालं,
खडूच्या रेघेशेजारून, तिला सोडून,
डावीकडे,
ड्रिल मशीनच्या मागच्या कोपऱ्यात.

"इथलं पाणी तिकडंच जातं," मालनताई म्हणाल्या,
"एकोणीस वर्षं झाली.
म्हणून मी पुसताना वरनं सुरू करते."

वरनं.
त्या खोलीला वर होतं. खाली होतं.
मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायचं यंत्र होतं आमच्याकडे
मखमलीच्या डबीत,
आणि दोन महिने आम्ही
एका उतारावर उभं राहून
बबनचे कान पिळत होतो.

फरहीननं स्पिरिट लेव्हल फरशीवर ठेवली.
बुडबुडा सरकला, एका बाजूला जाऊन बसला.
सुमेध हसला, मग थांबला,
एकशे बारा भोकांकडे बघत.

मी ती ओळ पुसली नाही.
तिच्याआधी दोन तिरक्या रेघा मारल्या,
म्हणजे ती असते, पण चालत नाही.
टिपेत भर घातली:
मालनताईंना विचारा.

बालेवाडीच्या हॉलमध्ये
बबन नाकासमोर गेला, नाक नसताना.
दुसऱ्या फेरीत सहावी रिंग पंजात अडकली,
पंच तीनपर्यंत मोजेस्तोवर सुटली नाही.
त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर, ते अजून ठरायचंय.
सुमेध म्हणतो, स्प्रिंग.
फरहीन काहीच म्हणत नाही.

सोमवारी मालनताईंनी विचारलं, कितवे आलात.
सांगितलं.
"आणि तिथली फरशी कशी होती?"
"एकदम सपाट, ताई. आरशासारखी."
त्यांनी फडकं पिळलं,
वरच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

"मग पाणी तुंबत असेल," म्हणाल्या.